पासची वही: पाच महिन्यांचा हिशेब

फेब्रुवारीत वही सुरू केली तेव्हा पहिल्या पानावर दोनच रकाने आखले होते: 'हुशार' आणि 'साधा'. आता जुलै संपत आलाय आणि 'हुशार'चा रकाना तीनदा खोडून झालाय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. आम्ही बेळगावात कॅम्पाच्या बाजूच्या एका मैदानावर दर रविवारी सकाळी साडेसहाला फुटबॉल खेळतो. माणसं जमतील तसं, कधी नऊ-नऊ, कधी अकरा-अकरा. उद्यमबागेतले कारखान्यातले लोक, दोन वकील, कॉलेजची पोरं, आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार, ज्यांना सगळे मामा म्हणतात. मी हाफला, म्हणजे मैदानाच्या मध्यावर खेळतो. वेग कधीच नव्हता, आता गुडघाही साथ देत नाही, म्हणून पासवर जगतो. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला मोबाइल दोरीनं बांधायचा, मॅच शूट करायची आणि दुपारी जेवण झाल्यावर एकेक पास लिहून काढायचा, असा हा उद्योग. बायको विचारते, "यातून काय मिळतं?" अजून उत्तर सापडलेलं नाही.

पहिली व्याख्या सोपी होती. दोन बॅकच्या मधून त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत गेलेला पास, म्हणजे थ्रू, हुशार, बाकी सगळे साधे. मार्चअखेर वही चाळली तर 'हुशार'मधले निम्मे पास एकाच पोराला दिलेले. तो लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड, असा सुटतो की त्याच्या पुढं वीटही फेकली तरी थ्रू वाटेल. त्यात आमच्याकडं लाइन्समन नाही. रेफ्री एकच, तोही बहुतेक वेळा ज्याचा पाय दुखतोय तो. ऑफसाइड (पुढचा खेळाडू समोरच्या शेवटच्या बॅकच्या पलीकडं असणं) बघायचा तर पास सुटला त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठं होता ते बघावं लागतं, आणि त्या क्षणी रेफ्रीची नजर बॉलवर असते. म्हणजे थ्रूची हुशारी निम्मी लेफ्ट आउटच्या पायात आणि निम्मी रेफ्रीच्या डोळ्यात. पास देणाऱ्याच्या वाट्याला काय उरलं? रकाना खोडला.

एप्रिलमध्ये दुसरा प्रयोग केला, आणि तो तुम्हीही करून बघा. व्हिडिओ पास सुटायच्या अर्धा सेकंद आधी थांबवायचा आणि चहाला बसलेल्या पाच जणांना विचारायचं, बॉल कुठं जाणार? पाचांपैकी चार-पाच जणांनी एकच जागा दाखवली की पास साधा. कुणालाच सांगता आली नाही की हुशार. पहिल्या रविवारी पाचही जणांना चकवणारा पास माझाच निघाला. तो थेट गटारात गेला होता.

म्हणजे नुसतं अनपेक्षित असून भागत नाही. चुकलेला पास सगळ्यांत अनपेक्षित. मग सोबत दुसरा आकडा लिहायला लागलो. श्टेफान रायनार्ट्झ आणि येन्स हेगेलर या दोन जर्मन मिडफिल्डरांनी ही मोजणी काढली, तिला पॅकिंग म्हणतात. पास सुटताना बॉल आणि गोल यांच्या मध्ये समोरच्या टीमचे जितके खेळाडू होते, त्यांतले किती जण पास पोचल्यावर मागं पडले, एवढंच मोजायचं. मात्र बॉल घेणाऱ्याच्या ताब्यात आला पाहिजे. २०१४च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीनं ब्राझीलला ७-१ हरवलं त्या मॅचचे नेहमीचे आकडे बघितले तर बॉलचा ताबा आणि शॉट, दोन्हींत ब्राझील मागं नव्हता. त्या आकड्यांवरून निकाल ओळखायला सांगितला तर कुणालाही जमणार नाही. किती खेळाडू कापले गेले, हे विचारलं की चित्र दिसायला लागतं.

आमच्या मैदानावर हा आकडा बरा चालला. पण मेच्या दुसऱ्या रविवारी त्यानंही हात टेकले, आणि ते एका पाच मीटरच्या पासमुळं.

प्रसंग नीट सांगतो, कारण माझं पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बॉल मामांकडं, आमच्या बॉक्सच्या जरा बाहेर. समोरच्या टीमचा फॉरवर्ड मामांवर धावून येतोय. आमचा लेफ्ट बॅक टचलाइनजवळ एकदम मोकळा, हात वर करून उभा. मी मामांच्या समोर सहा-सात पावलांवर, तोंड आमच्याच गोलकडं आणि पाठीला त्यांचा हाफ चिकटलेला. मामांनी बॉल मला दिला. मागून कुणीतरी ओरडलं, "हिंदे बंदा!" (आमच्या मैदानावर शिव्या मराठीत आणि धोक्याच्या सूचना कन्नडमध्ये असतात, का ते विचारू नका.) मला वळायला जागा नव्हती. आला तसा एका टचमध्ये बाजूला ढकलला, तर तिथं आमचा दुसरा हाफ पळत आलेला, तोंड पुढं, समोर अर्धं मैदान रिकामं. तिथून गोल झाला नाही, बॉल बारवरून गेला. तेव्हा मी मनात मामांना शिवी घातली होती, मोकळा माणूस सोडून अडकलेल्याला काय देताय म्हणून.

दुपारी व्हिडिओ सहा वेळा बघितला. पाच मीटरचा पास, अंतरानं काहीच नाही. पॅकिंगनं मोजला तर एकच माणूस कापला, तो धावून आलेला फॉरवर्ड. पण माझ्या पाठीवरचा हाफ माझ्याबरोबर पुढं ओढला गेला होता आणि त्यानं सोडलेल्या जागेत आमचा दुसरा हाफ शिरला होता. मामांनी पास मला दिलाच नव्हता. माझ्यामार्फत तिसऱ्याला दिला होता, मी मधली भिंत. आणि बॉल असा मऊ आला होता की मला एका टचपेक्षा जास्त काही करायची गरज पडू नये. तोच जरा जोरात आला असता तर तो थांबवण्यातच माझा वेळ गेला असता.

पुढच्या रविवारी मामांना विचारलं.

"मामा, मी मोकळा नव्हतो, तरी मला कसा दिलात?"

"तू मोकळा नव्हतास म्हणूनच दिला की."

"आणि लेफ्ट बॅक?"

"त्याला तिथं कोण कशाला धरेल? तिथनं तो काय करणार हुता?"

मी हे वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय. मोकळा माणूस बऱ्याचदा मोकळा असतो तो त्याची कुणाला भीती नसते म्हणून. त्याला बॉल दिला तर समोरच्या टीममधलं कुणीही जागचं हलत नाही. समोरचा जागचा हलला पाहिजे, आणि हलला त्याचा फायदा घ्यायला तिथं आपला कुणीतरी येत असला पाहिजे. आता पास बघताना माझी नजर बॉलवर नसते, समोरच्या बॅकच्या कमरेवर असते. कंबर कुठल्या बाजूला वळली, वजन कुठल्या पायावर पडलं, ते गच्चीवरून चांगलं दिसतं. मैदानात मात्र मला ते अजून दिसत नाही, हे आधीच कबूल करतो.

मामांचा आणखी एक धडा, हा पायाचा. आमच्या राइट आउटला उजव्या पायात बॉल दिला की तो लाइन धरून पळतो, डाव्यात दिला की आत वळतो. मामा पाय बघून देतात. तोंडानं काही सांगत नाहीत, बॉलच सांगतो. मी चाळीस मिनिटांची क्लिप काढून माझे पास तपासले. मी माणसाला देतो, पायाला नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. बेळगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. मैदानात भाताची लावण करता आली असती. तीन रविवार खेळ बंद, म्हणून जुन्या क्लिप घेऊन बसलो. दोनच सांगतो.

१९७०च्या वर्ल्ड कपची फायनल, मेक्सिकोतलं अझ्टेका मैदान, ब्राझील-इटली, ८६वं मिनिट. पेले बॉक्सजवळ बॉल घेऊन उभा राहतो आणि न बघितल्यासारखा उजवीकडं सोडतो, मागून कार्लोस अल्बर्टो येतो आणि ४-१. माझी थांबवायची चाचणी इथं फसते, कारण पास तसा अगदी साधा, कॅरमची सोंगटी सरकवावी तसा. पण उजवीकडं एवढी मोकळी जागा आली कुठून? जायरझिन्यो आपली उजवी बाजू सोडून डावीकडं गेला होता आणि त्याला धरायचं काम असलेला इटलीचा बॅक फाकेत्ती त्याच्या मागं गेला होता. पेलेनं केलं ते एवढंच की घाई केली नाही, आणि बॉल अशा वेगानं सोडला की मागून येणाऱ्याला पावलाचा ताल बदलावा लागू नये. शॉटच्या आधी बॉल जरासा उसळतो. आमच्या मैदानावर उसळतो तसा. ते बघून बरं वाटलं.

दुसरी २००६च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, डॉर्टमुंड, इटली-जर्मनी, ११९वं मिनिट. कॉर्नरवरून परतवलेला बॉल इटलीच्या पिर्लोकडं येतो. शॉट मारायची जागा आहे. तो मारत नाही, उजवीकडं सरकत राहतो, एक टच, अजून एक टच. जर्मन बॅक शॉट अडवायला त्याच्याकडं ओढले जातात, आणि मग समोर बघत बघत तो बाजूला ग्रोसोला सरकवतो. कॉलेजच्या दोन पोरांनी ही मॅच कधी पाहिली नव्हती. क्लिप थांबवून विचारलं, दोघंही म्हणाले, "शॉट." जर्मन बॅकनाही तेच वाटलं होतं. पास त्या आधीच्या दोन टचमध्येच तयार झाला होता, नंतरचं नुसतं पोचवणं.

मान वळवण्याचंही मोजतोय. गेर योर्डेट या नॉर्वेच्या संशोधकानं प्रीमियर लीगच्या मिडफिल्डरांवर केलेलं काम वाचलं: बॉल येण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून बघून घेतात, त्यांचे पुढच्या दिशेचे पास जास्त नीट पोचतात. माझी मान बॉल येण्याआधी सरासरी एकदा वळते, तीही बऱ्याचदा गच्चीवरचा मोबाइल जागेवर आहे ना ते बघायला. मामांची चार-पाच वेळा. म्हणजे ते बॉल पायात यायच्या आधीच अर्धा पास देऊन मोकळे झालेले असतात.

आता गेल्या रविवारचं. पाऊस उघडला होता, चिखल मात्र तसाच. बॉल माझ्याकडं, बॉक्सपासून वीसेक मीटर. डोक्यात पिर्लो. म्हटलं थांबायचं, ओढून घ्यायचं. डावीकडून लेफ्ट आउट ओरडतोय, "कोडो! कोडो!" मी नाही दिला. एक टच उजवीकडं, आणि बॉल चिखलात रुतला. त्यांच्या पोरानं तो उचलला, चार पासमध्ये आमच्या गोलात. परत सेंटरला येताना लेफ्ट आउट माझ्या जवळून गेला आणि शांतपणे म्हणाला, "कोडो अंदे, अण्णा." दे म्हटलं होतं.

दुपारी ती क्लिप थांबवून पाच जणांना दाखवली. पाचही बोटं लेफ्ट आउटवर. त्याचा बॅक एक पाऊल उशिरा होता आणि त्याचं वजन चुकीच्या पायावर. बॉल दिला असता तर गोल होता. माझ्या जुन्या व्याख्येनं तो पास 'साधा' ठरला असता.

अडचण अशी की वहीत हा प्रसंग लिहायला जागाच नाही, कारण पास झालाच नाही. म्हणून आता तिसरा रकाना आखलाय: 'न दिलेले'. रविवारच्या व्हिडिओची सत्तावीस मिनिटं तपासून झालीत. माझ्या एकट्याच्या नावावर त्यात अकरा आहेत. मामांचे अजून मोजायचेत.