आडतीच्या ॲपसाठी सर्व्हर निवडताना

लातूरच्या आडत बाजारातल्या एका दुकानासाठी मी ॲप बनवत होतो. शेतकऱ्याला त्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) आणि काटापावतीचा फोटो मोबाईलवर दिसावा, एवढीच गरज. सर्व्हरच्या वेगाचे तक्ते मी बरेच पाहिले, पण निर्णय झाला तो नेटवर्क बघून: अपाचीऐवजी एन्जिनएक्स (दोन्ही वेब सर्व्हर, म्हणजे मागितलेलं पान किंवा फोटो पाठवणारे प्रोग्राम) आणि मागे पान तयार करायला पीएचपी ही भाषा. पट्टी उघडणारा माणूस औसा नाहीतर निलंग्याकडच्या शेतात असतो. तिथं फोटो सावकाश उतरतो.

ही सावकाशीच सर्व्हरला महागात पडते. अपाचीत पीएचपी मॉड्यूल म्हणून, म्हणजे त्याच्याच आत बसवलं, की बहुधा प्रीफोर्क पद्धत येते, म्हणजे प्रत्येक जोडणीला एक अख्खी प्रोसेस (चालू प्रोग्रामची स्वतंत्र प्रत). फोटोला पीएचपीचं काहीच काम नसतं, तरी तो पूर्ण जाईपर्यंत पीएचपी पोटात घेतलेली ती प्रोसेस अडकून राहते. आमचा सर्व्हर १ जीबी मेमरीचा. तपासायला मी मुद्दाम वेग कमी करून एकदम पुष्कळ जोडण्या उघडल्या आणि मेमरी भरून स्वॅप (मेमरीच्या जागी हळू चालणारी डिस्क वापरणं) सुरू झाला.

एन्जिनएक्स इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुलं केलं, ते एकाच वेळी दहा हजार जोडण्या सांभाळायच्या प्रश्नावर. त्याची एक वर्कर प्रोसेस हजारो जोडण्यांवर नजर ठेवते. पीएचपी वेगळं, एफपीएममध्ये (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतं. तयार झालेलं पान एन्जिनएक्स स्वतःच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) घेतं आणि पीएचपी पुढच्या कामाला मोकळं होतं. अपाचीलाही इव्हेंट पद्धत (थोड्या प्रोसेसमध्ये पुष्कळ जोडण्या) आणि एफपीएम जोडून बरंचसं हेच साधतं, हे मान्य. शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांचा मिळून एक सर्व्हर) असाल आणि सगळे नियम एचटीॲक्सेस या अपाचीच्या नियमांच्या फाईलमध्ये असतील तर अपाचीवरच राहा. एन्जिनएक्स ती फाईल वाचतच नाही.

पीएचपीऐवजी नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) का नाही? नोड चांगलंच आहे. पण त्यात न पकडलेली एक चूक अख्खी प्रोसेस पाडते; पीएचपीत बहुतेक वेळा तेवढी एक विनंती पडते, पुढची कोरी सुरू होते. शिवाय पुढे दुरुस्ती करायला पीएचपी जाणणारी पोरं लातुरात सहज मिळतात. माझ्या लेखी हे कारण सगळ्यात वजनदार.

एफपीएममध्ये मॅक्स चिल्ड्रेनचा (एका वेळी जास्तीत जास्त किती पीएचपी प्रोसेस चालतील याचा) आकडा अंदाजानं टाकू नका. डेटाबेस आणि सिस्टीमची मेमरी बाजूला काढा, उरलेल्या मेमरीला एका प्रोसेसच्या मेमरीनं भागा. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली, की जास्तीच्या विनंत्या रांगेत थांबतील, पण सर्व्हर स्वॅपमध्ये जाणार नाही.