लाल शाईतली नावं

शनिवार, १ मार्च २०२५. सकाळी पावणेअकराला दोन नंबरच्या सीएनसी मशीनवरचा पोरगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. दोन्ही हातांत एकेक हाउसिंग, म्हणजे मधे गोल भोक असलेलं धातूचं कवच. "सर, याच्यात गो गेज जाऊन नाही राहिलं. आन् याच्यात नो-गो जाऊन राहिलं."

गो गेज भोकात जायलाच हवं, नो-गो जायला नको. म्हणजे एका नगाचं बोअर, आतलं भोक, लहान, दुसऱ्याचं मोठं. लहान असलं तर पुन्हा बोअर करून नग वाचतो, मोठं झालं तर तो भंगारात. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या शॉपमधून त्या संध्याकाळी याच हाउसिंगचे चारशे नग पुण्याच्या गाडीत चढायचे होते.

"केव्हापासून?"

"कालपासून," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला.

काल दुपारी टिप, म्हणजे कापणारं टोक, झिजली, बोअर लहान होत गेलं. शिफ्टच्या शेवटी त्याच्या लक्षात आलं, घाबरून त्याने टिप सरकवायचा ऑफसेट दुप्पट दिला आणि पुढचे नग मोठे झाले. चुकीचे नग त्याने क्रेटमध्ये चांगल्या नगांच्या खाली घातले आणि घरी गेला. रात्रभर झोप लागली नाही म्हणाला.

माझं तोंड उघडलंच होतं. पण समोरच्या भिंतीवर बोर्ड होता, आणि तो मी लावलेला होता. ज्याच्या हातून रिजेक्शन होईल, म्हणजे नग बाद होईल, त्याचं नाव लाल शाईने लिहायचं, हा जानेवारीतला माझा नियम. महिन्याभरात कागदावरचं रिजेक्शन निम्म्यावर आलं आणि मीटिंगमध्ये मी तो आकडा अभिमानाने दाखवला. त्याच सुमारास ग्राहकाच्या तक्रारी का वाढल्या, हे कोडं मला सुटत नव्हतं. ते त्या क्षणी सुटलं. चुका होत्या तेवढ्याच होत्या, क्रेटच्या तळाशी जाऊन बसल्या होत्या. टोयोटाच्या कारखान्यात साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे ट्रेनिंगमध्ये मी वहीत लिहून घेतलं होतं. माझ्या शॉपमध्ये मात्र दोरी ओढणाऱ्याचं नाव भिंतीवर लागत होतं.

मला बुधवार आठवला. महाशिवरात्रीची सुट्टी होती म्हणून मी नागपूरजवळच्या जामठा स्टेडियमवर रणजीची फायनल बघायला गेलो होतो, विदर्भ विरुद्ध केरळ. विदर्भाचे २४ वर ३ गेल्यावर दानिश मालेवार आणि करुण नायरने २१५ धावांची भागीदारी केली. मग धाव घेताना दोघांत गोंधळ झाला आणि नायर ८६ वर धावबाद झाला. फायनलमधलं शतक असं गेलं! मालेवार जेमतेम एकवीस वर्षांचा पोरगा. आता हा ढेपाळणार, असं माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, मलाही तसंच वाटलं. तो ढेपाळला नाही, १५३ करून गेला. आणि आज, शनिवारी, दुसऱ्या डावात सकाळीच ७ वर २ असताना पुन्हा तेच दोघं एकत्र खेळत होते. शॉपमधल्या मोबाइलवर स्कोअर चालूच होता. बुधवारी संध्याकाळी त्या दोघांत काय बोलणं झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

मी उठलो, डस्टर घेतलं आणि बोर्ड पुसला. पोराला म्हटलं, "तू आज आला नसतास तर माल गेला असता. चल, मोजू."

मशीनं थांबवून सगळ्यांना गोळा केलं आणि बोर्ड लावणं ही माझी चूक होती, हे सरळ सांगितलं. कोणी काही बोललं नाही. मग तीन नंबरवरचे काकाजी, शॉपमधले सगळ्यात जुने, पुढे आले. "सर, माह्या क्रेटातबी बारा नग हायेत. खालच्या थरात." त्यांच्या मागून आणखी एक जण बोलला. एवढा अनुभवी माणूसही माझ्या भीतीने नग लपवत होता, हे ऐकून जे वाटलं ते सांगायला मला आजही जड जातं.

क्रेटं जमिनीवर पालथी केली. चारशे नग एकेक करून गेजवर तपासले. चौसष्ट लहान निघाले, एकोणीस मोठे. लहान नगांच्या रीवर्कचं सेटिंग काकाजींनी स्वतः लावलं, पोराला शेजारी उभं करून, प्रत्येक ऑफसेट त्याच्याच हाताने टाकायला लावून. दुपारचे डबे मशीनशेजारीच उघडले. शिफ्ट संपली तरी कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मधेच कोणीतरी ओरडलं, "नायरचं शतक!" आणि अर्धा मिनिट शॉपभर टाळ्या वाजल्या. ती भागीदारी १८२ धावांची झाली होती.

पुण्याला फोन मी केला. एकोणीस नग कमी येतील, कारण हे, बाकीचा प्रत्येक नग तपासलेला आहे. पलीकडचे साहेब आधी चिडले, मग म्हणाले, "निदान आधी सांगितलंत." गाडी सहाऐवजी सव्वाआठला सुटली, तीनशे एक्क्याऐंशी नग घेऊन.

रविवारी सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक घेतला.

सोमवारी साडेनऊला दोन नंबर मशीन अचानक बंद झाली. मी मान वर केली. पोरगा तिथूनच ओरडला, "सर, गेज टाइट चालून राहिलं. टिप बदलतो, दहा मिनिटं लागतीन."

काकाजी नवी टिप घेऊन आधीच त्याच्याकडे निघाले होते.