यूटीसीचं अनुदान: संशोधनाआधी मॅचचा हिशोब

अमेरिकेत वाहतूक अभियांत्रिकी शिकणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या कुणाच्याही कानावरून 'यूटीसी' हा शब्द गेल्याशिवाय राहत नाही. युनिव्हर्सिटी ट्रान्सपोर्टेशन सेंटर. तिथल्या केंद्र (संघीय) सरकारचं वाहतूक खातं, म्हणजे यूएसडॉट, विद्यापीठांना पैसे देतं. विद्यापीठं रस्ते, पूल, मालवाहतूक, अपघात, सिग्नल अशा विषयांवर संशोधन करतात आणि त्यातून विद्यार्थ्यांचे पगार निघतात. १९८७ च्या कायद्यात ही योजना आली. सुरुवातीला दहा संघीय विभागांत एकेक अशी दहाच केंद्रं होती. पुढे दर वाहतूक कायद्यात ती वाढत, बदलत गेली. सध्याची फेरी नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातली आहे आणि तो कायदा ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतचा.

केंद्रांचे तीन प्रकार. राष्ट्रीय केंद्रं ५, वर्षाला प्रत्येकी ४० लाख डॉलरपर्यंत. प्रादेशिक १०, प्रत्येकी ३० लाखांपर्यंत. टिअर वन २०, प्रत्येकी २० लाखांपर्यंत. गुणाकार केला तर वर्षाला ९ कोटी आणि पाच वर्षांचे ४५ कोटी डॉलर होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले ते ३४ केंद्रांना ४३.५ कोटी. फरक दीड कोटीचा, म्हणजे नेमके एका प्रादेशिक केंद्राचे पाच वर्षांचे पैसे. या योजनेतले आकडे असे गोल असतात, त्यामुळे पडताळा घेणं सोपं जातं.

अर्ज करताना सगळ्यांचा जीव संशोधनाच्या विषयात अडकलेला असतो. कायद्याने प्राधान्यक्रम ठरवून दिलेत: माणसं आणि माल यांची ये-जा सुधारणं, कोंडी कमी करणं, सुरक्षितता, बांधकामाचं आयुष्य वाढवणं, पर्यावरण जपणं, आहे ती व्यवस्था टिकवणं, आणि २०२१ मध्ये भर पडलेली सायबरसुरक्षा. यातला एक मुख्य म्हणून निवडायचा. पण केंद्र चालवणाऱ्यांना विचारा, झोप कशाने उडते? उत्तर येईल, मॅच.

मॅच म्हणजे आपल्याकडच्या नळपाणी योजनेतला लोकवाटा. गावाने दहा टक्के भरायचे, उरलेले सरकार देणार, तीच कल्पना. फक्त इथला वाटा दहा टक्क्यांवर भागत नाही. टिअर वन केंद्राने सरकारी रकमेच्या ५० टक्के आणि राष्ट्रीय व प्रादेशिक केंद्रांनी १०० टक्के रक्कम बिगर-संघीय स्रोतांतून दाखवायची. २० लाख मिळाले तर १० लाख आपले. ३० लाख मिळाले तर ३० लाख आपले. दरवर्षी.

हे दहा लाख येतात कुठून? पहिला आणि सगळ्यांत सरळ मार्ग म्हणजे प्राध्यापकांचा वेळ. नऊ महिन्यांचा पगार विद्यापीठ देतंच, त्यातला काही वेळ प्रकल्पाला दिला असं दाखवायचं. एक उदाहरण मांडून बघू. पगार १,२०,०००. वेळ १० टक्के, म्हणजे १२,०००. त्यावर विमा, निवृत्ती वगैरे ३० टक्के धरले तर ३,६००. झाले १५,६००. या खर्चावरचा ओव्हरहेडही, म्हणजे इमारत, वीज, कार्यालय यांपोटी विद्यापीठ लावतं ती टक्केवारी, मॅचमध्ये धरता येतो. तो ५५ टक्के धरला तर ८,५८०. एकूण २४,१८०. आता दहा लाखांना २४,१८० ने भागा. उत्तर ४१ च्या थोडं वर. म्हणजे निव्वळ वेळेवर मॅच उभा करायचा तर वर्षभर १० टक्के वेळ देणारे ४२ प्राध्यापक लागतील. पाच विद्यापीठांच्या कन्सोर्शियममध्ये मिळून वाहतुकीवर काम करणारे एवढे प्राध्यापक निघाले तरी नशीब म्हणायचं.

म्हणून दुसरा मार्ग लागतो: राज्याचं वाहतूक खातं. एरवी नियम असा की एका संघीय पैशाचा मॅच दुसऱ्या संघीय पैशाने करता येत नाही. एनएसएफचा, म्हणजे संघीय विज्ञान संस्थेचा, प्रकल्प दाखवून यूटीसीचा मॅच भागत नाही, कितीही जवळचा विषय असला तरी. पण यूटीसीच्या कायद्यात याला एक अपवाद मुद्दाम ठेवलाय. राज्यांना नियोजन आणि संशोधनासाठी मिळणारा एसपीआर निधी मूळचा संघीय असूनही मॅच म्हणून चालतो. हीच पळवाट अर्धी केंद्रं तगवते, आणि माझ्या मते ती पळवाट नाहीच. राज्याला ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय त्यावर केंद्राने काम करावं म्हणून हे दार उघडं ठेवलंय.

या दारातून जाताना डोकं दोन जागी आपटतं. पहिली जागा कॅलेंडरची. बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, संघीय वर्ष १ ऑक्टोबरला. राज्याने प्रकल्प मंजूर करून करार हातात द्यायला बराच काळ जातो. तोवर केंद्राचा सरकारी पैसा खर्च होत राहतो आणि मॅचचा रकाना रिकामा. दुसरी जागा विषयाची. राज्याला हवा असतो खडी-डांबराच्या मिश्रणाचा अभ्यास आणि केंद्राने अर्जात लिहिलेलं असतं 'कोंडी कमी करणं'. राज्याचा पैसा आहे म्हणून कुठलाही प्रकल्प मॅचमध्ये घुसडता येत नाही, तो केंद्राच्या मंजूर कामात बसावा लागतो. अर्ज लिहितानाच राज्याच्या संशोधन विभागाकडून येत्या दोन वर्षांची विषयांची यादी मागून घ्यावी आणि मग केंद्राचा विषय लिहावा. उलट क्रमाने गेलात तर नंतर शब्दांची ओढाताण करावी लागते.

तिसरा मार्ग वस्तुरूपाचा: एखाद्या कंपनीने दिलेली यंत्रं, डेटा, सॉफ्टवेअरचे परवाने. हा मार्ग दिसायला गोड असतो. कंपनीचं पत्र येतं, 'आम्ही पाच लाख डॉलरचे परवाने देत आहोत.' ही किंमत असते यादीतली. विद्यापीठांना तेच सॉफ्टवेअर एरवी शैक्षणिक सवलतीत मिळत असेल, तर लेखापरीक्षक विचारणार की बाजारभाव कुठला धरायचा? पाच लाखांचे पंचवीस हजार व्हायला वेळ लागत नाही. अशा मॅचवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त भिस्त ठेवू नये.

संघीय अनुदानांची नियमावली, म्हणजे २ सीएफआर २००, मॅचबद्दल थोडक्यात एवढंच सांगते: नोंदीतून पडताळता यावा, दुसऱ्या कुठल्या अनुदानात मोजलेला नसावा, प्रकल्पासाठी गरजेचा आणि वाजवी असावा, मंजूर बजेटमध्ये असावा. बहुतेक केंद्रं अडकतात ती पहिल्या अटीत. अर्जात प्राध्यापकाच्या नावापुढे '१० टक्के' लिहिलेलं असतं. अनुदान येतं. सरकारी पैशाचं खातं उघडतं, पण त्याला जोडलेलं मॅचचं जोडखातं उघडायचं राहून जातं. पगार नेहमीसारखा विभागाच्या खात्यातून निघत राहतो. वर्षाअखेरीस कुणीतरी विचारतं, मॅच दाखवा. तेव्हा मागच्या तारखेने पगार इकडून तिकडे वळवायचा तर बहुतेक विद्यापीठांत ९० दिवसांनंतर लेखी कारण लागतं, आणि 'विसरलो' हे कारण चालत नाही. उपाय साधा आहे: दोन्ही खाती एकाच दिवशी उघडायची. मॅचचं खातं तयार नसेल तर सरकारी खात्यातून पहिला डॉलरही निघू द्यायचा नाही.

आणखी एक हौस महागात पडते. ५० टक्के मागितलेत तर ६५ टक्के लिहून परीक्षकांवर छाप पाडायची. मंजूर बजेटमध्ये गेलेला जास्तीचा वाटा मग बंधनकारक होतो. त्याचाही हिशोब पाच वर्षं द्यावा लागतो. मागितलाय तेवढाच लिहावा. फाजील उदारपणा डोकेदुखी वाढवतो.

आता सरकारी २० लाखांकडे बघू, कारण तेही पूर्ण हातात येत नाहीत. समजा, मुख्य विद्यापीठाने चार सदस्य विद्यापीठांना अडीच-अडीच लाख दिले. राहिले दहा लाख. प्रत्येक सबअवॉर्डच्या, म्हणजे सदस्याला दिलेल्या रकमेच्या, पहिल्या २५,००० वर मुख्य विद्यापीठ आपला ओव्हरहेड लावतं: एक लाखावर ५५ टक्के, म्हणजे ५५,०००. विद्यार्थ्यांची फी ९०,००० धरू. तिच्यावर ओव्हरहेड नसतो. उरले ८,५५,०००. त्यांना १.५५ ने भागलं की प्रत्यक्ष खर्चाला ५,५१,६१३ आणि ओव्हरहेडला ३,०३,३८७. म्हणजे दहा लाखांतले जवळजवळ ३,५८,००० ओव्हरहेडमध्ये गेले. साडेपाच लाखांत संचालकाचा उन्हाळी पगार, व्यवस्थापक, विद्यार्थ्यांचं मानधन, प्रवास, प्रयोगशाळा. सबअवॉर्डची ती २५,००० ची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून नियमावलीत ५०,००० झाली आहे, पण आपल्या विद्यापीठाच्या ओव्हरहेडच्या दर-करारात काय लिहिलंय ते बघूनच बजेट मांडावं. शिवाय ही मर्यादा सबअवॉर्डच्या पूर्ण मुदतीला एकदाच लागते, दरवर्षी नाही. दरवर्षी धरून बजेट केलेलं हमखास सापडतं.

सदस्य विद्यापीठांशी करार करताना मॅचचं कलम नीट लिहावं लागतं. 'सदस्य योग्य प्रमाणात मॅच देईल' असलं गुळमुळीत वाक्य काही कामाचं नाही. बिलाच्या नमुन्यातच चार आकडे हवेत: या महिन्याचा सरकारी खर्च, आजवरचा सरकारी खर्च, या महिन्याचा मॅच, आजवरचा मॅच. मॅचचा आकडा नसलेलं बिल परत पाठवायचं. सुरुवातीला सदस्यांचे लेखा विभाग कुरकुरतात, तिसऱ्या बिलापासून सवय होते.

प्रकल्पांच्या कागदपत्रांबद्दल थोडक्यात. केंद्राने प्रकल्प निवडताना बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे. निवडल्यावर टीआरबीच्या (ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्ड) 'रिसर्च इन प्रोग्रेस' या डेटाबेसमध्ये नोंद करायची. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, त्याशिवाय ठरलेल्या वेळी एसएफ-४२५ हा आर्थिक अहवाल. अंतिम अहवालाला डॉट एफ १७००.७ क्रमांकाचं तांत्रिक माहितीचं पान, सरकारने दिलेलं जबाबदारी-नकाराचं वाक्य, लेखकांचे ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख). मग तो राष्ट्रीय वाहतूक ग्रंथालयाच्या रोसा-पी या भांडारात जातो. अहवाल अडतो तो मजकुरामुळे क्वचितच. पीडीएफमध्ये आकृत्यांना पर्यायी मजकूर नाही, तक्त्यांना टॅग नाहीत, दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही, म्हणून अडतो. वर्डमध्ये शीर्षकं ठळक अक्षरांनी न करता हेडिंग स्टाइल लावून केली तर निम्मं काम तिथेच होतं.

पुण्या-मुंबईहून एमएसला येणारे विद्यार्थी विचारतात की या पैशातून असिस्टंटशिप मिळते का. मिळते, पण अर्ज केंद्राकडे करायचा नसतो. ज्या प्राध्यापकाकडे केंद्राचा प्रकल्प आहे तोच नेमणूक करतो. रिसर्च इन प्रोग्रेसमध्ये विद्यापीठाचं नाव टाकून चालू प्रकल्प आणि त्यांची अखेरची तारीख बघावी. सहा महिन्यांत संपणाऱ्या प्रकल्पाच्या प्राध्यापकाला ईमेल करून उपयोग नाही. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहेच. आणि केंद्राच्या पैशावर भारतातल्या परिषदेला जायचं ठरलं तर तिकीट काढण्याआधी 'फ्लाय अमेरिका' कायदा लक्षात ठेवावा. तिकिटावर अमेरिकन विमान कंपनीचा फ्लाइट क्रमांक हवा. कोडशेअर, म्हणजे विमान दुसऱ्या कंपनीचं पण क्रमांक अमेरिकन कंपनीचा, चालतं, पण एअर इंडियाच्या स्वतःच्या क्रमांकावर काढलेलं तिकीट स्वस्त पडलं म्हणून मंजूर होत नाही. युरोपीय कंपन्यांसाठी करारामुळे जी सवलत आहे, ती भारतीय कंपन्यांना नाही.

मे २०२५ मध्ये यूएसडॉटने सात केंद्रांची अनुदानं मध्येच रद्द केली, एकूण ५.४ कोटी डॉलरची. यूसी डेव्हिसचं राष्ट्रीय केंद्र १.२ कोटी, न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) प्रत्येकी ९० लाख, आणि एनवाययू (न्यूयॉर्क विद्यापीठ), सॅन होजे स्टेट, न्यू ऑर्लिन्स, जॉन्स हॉपकिन्स प्रत्येकी ६० लाख. वर दिलेल्या वार्षिक रकमांनी भागून बघा, प्रत्येकाचे बरोबर तीन वर्षांचे पैसे. हे होऊ शकतं, कारण पाच वर्षांचं अनुदान मंजूर झालं तरी पैसे वर्षावर्षाने सुटतात, आणि 'कार्यक्रमाच्या उद्दिष्टांशी किंवा खात्याच्या प्राधान्यांशी आता जुळत नाही' या कारणाने अनुदान थांबवायची वाट नियमावलीत आहे.

असं पत्र आलं की मॅचचा प्रश्न परत दारात उभा राहतो. मॅच मोजला जातो तो तोवर झालेल्या सरकारी खर्चाच्या प्रमाणात. 'शेवटच्या दोन वर्षांत राज्याचा मोठा प्रकल्प येणार आहे, तेव्हा भरून काढू' असं म्हणून ज्या केंद्राने सरकारी पैसा आधी खर्चला, त्याला ती शेवटची दोन वर्षं मिळतच नाहीत, आणि तुटीइतका सरकारी खर्च नाकारला जाण्याची वेळ येते. अनुदानाचा हिशोब बंद करण्याची मुदत मुख्य विद्यापीठाला १२० दिवस, सदस्यांना ९०. म्हणजे सदस्यांची शेवटची बिलं आणि मॅचचे दाखले तपासून अंतिम एसएफ-४२५ भरायला हातात उरतात ३० दिवस, तेही सदस्यांनी बिलं वेळेवर पाठवली तर.