आजोबांचा एमआरआय काढण्याआधी

दिवाळीच्या आगेमागे बीड, धारूर, केजकडची कर्ती माणसं ऊसतोडीला जातात. गावात म्हातारी माणसं राहतात. गुढीपाडव्याच्या सुमारास लेक-सून परततात तेव्हा आजोबा एकच गोष्ट चारदा विचारत असतात. मग कुणीतरी म्हणतं, मेंदूचा एमआरआय काढा. जरूर काढा, पण त्यात काय दिसतं आणि काय नाही, हे आधी समजून घ्या.

माणूस काही न करता पडून असला तरी मेंदूचे काही भाग एका लयीत चालू असतात. 2001 साली मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेचल आणि सहकाऱ्यांनी या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं. मागच्या बाजूला, मधोमध असलेला पोस्टिरिअर सिंग्युलेट हा त्यातला मोठा सांधा. आठवण साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसशी त्याचा मेळ अल्झायमरच्या, म्हणजे स्मरण हळूहळू जाणाऱ्या आजाराच्या, सुरुवातीच्या टप्प्यातच ढिला पडू लागतो. गंमत नव्हे, पण अगदी आरंभी काही जोडण्या उलट वाढलेल्याही दिसतात.

हे मोजतात ते फंक्शनल एमआरआयने, तेही रक्तातल्या ऑक्सिजनच्या चढउतारावरून. सहा ते दहा मिनिटं निश्चल पडावं लागतं. डोकं मिलिमीटरभरही नाही, त्याहून कमी हललं तरी दूरच्या भागांचा मेळ खोटाच कमी दिसतो. वयस्कर माणसं जास्त हलतात, त्यामुळे नुसती हालचाल आजारासारखी भासते. शिवाय साध्या म्हातारपणातही हा मेळ थोडा उतरतोच. म्हणून ही तपासणी संशोधनात गटांची तुलना करायला उपयोगी आहे. एकट्या माणसाचं निदान तिच्यावर होत नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

नेहमीच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आक्रसलाय का, आणि बीपी-शुगरमुळे पांढरे डाग पडलेत का, ते कळतं. हे डाग म्हणजे जोडणाऱ्या तंतूंचंच नुकसान, आणि बीपी आटोक्यात ठेवलं तर ते वाढण्याचा वेग कमी होतो.

आमच्या मते त्याहून मोलाची आहे ती घरच्यांनी सांगितलेली हकीकत. बाजारात सुट्टे पैसे जमतात का? निराधारची पगार उचलली हे आठवतं का? ओळखीच्या वाटेवर चुकतात का? हे कधीपासून, हेही सांगा. औषधांची पिशवी जशीच्या तशी न्या. झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि लघवी रोखायच्या काही गोळ्या स्मरण बिघडवतात. बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासून घ्या. माळकरी, म्हणजे शाकाहारी घरात, त्यात शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर, बी-12 हमखास तपासा. कान आणि मोतीबिंदूही बघा. मन खचलंय का, तेही विचारा.

स्मरण-आकलन तपासणाऱ्या मोका (MoCA) चाचणीत 30 पैकी 26 ही नेहमीची रेषा. बारावीपर्यंत किंवा कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात, पण शाळेची पायरी न चढलेल्या आजीला ठोकळ्याचं चित्र काढायला लावलं तर गुण जातात ते शाळेअभावी. निरक्षरांसाठीची चाचणी घ्या असं डॉक्टरांना स्पष्ट म्हणा.

दोन-चार दिवसांत अचानक भ्रम झाला, तर तो बहुधा वेगळाच प्रकार असतो: ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि महिन्या-दीड महिन्यापूर्वी पडले होते का, डोक्याला मार लागला होता का, हे आवर्जून सांगा. कवटीत साचलेलं रक्त सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि काढताही येतं.