पहिल्यांदा माईक धरणाऱ्या पोरी आणि आमचा तीन जानेवारी

आमच्या कॅम्पसवर दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम असतो, आणि त्यात पहिलं भाषण पाहुण्यांचं नसतं. जिने आजवर स्टेजवर माईक धरलेला नाही अशा एका मुलीचं असतं. सात मिनिटं तिची, विषय तिचा, मध्ये कोणी चिठ्ठी पाठवायची नाही, संपवा म्हणून खुणा करायच्या नाहीत. हा नियम माझ्या आधीच्या सीनियर ताईंनी घातला आणि नंतरच्या कुठल्याच बॅचने तो मोडू दिला नाही, याचा मला फार अभिमान आहे. कॉलेज सुटलं, नोकरी लागली, लग्न झालं, ठाण्याला राहायला गेले, तरी त्या दिवशी मी रजा टाकतेच.

हार, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, पुस्तक देऊन सत्कार हे सगळं आमच्याकडेही होतं, त्यावर काय लिहायचं. फक्त फोटोचं सांगते. सावित्रीबाईंच्या फोटोची फ्रेम डोंबिवलीच्या एका मैत्रिणीकडे असते कारण कॅम्पसवर ठेवायला आम्हाला कधी कपाट मिळालं नाही. मग ती चादरीत गुंडाळून सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यातून यायची. आधी शिव्या बसायच्या, एवढं मोठं काय घेऊन चढलीस म्हणून, मग कोणीतरी विचारायचं कोणाचा फोटो गं, आणि सांगितलं की जागा व्हायची. एका वर्षी चौथ्या सीटवर बसलेल्या बाई उठल्या, फ्रेम आपल्या जागेवर उभी करायला लावली आणि स्वतः घाटकोपरपर्यंत दांडीला धरून उभ्या राहिल्या. उतरताना काचेवरचा बोटांचा डाग पदराने पुसून गेल्या.

तर पहिली बोलणारी. सगळ्या जणी चांगल्या बोलतात असं नाही, काही अडखळतात, एकजण तर दोन वाक्यं बोलून रडायला लागली आणि खाली उतरली, तिलाही आम्ही उभं राहून टाळ्या दिल्या. पण २०१७ ची पोर मी विसरूच शकत नाही. हॉस्टेलला राहायची, जालन्याकडची, एफवायला होती. हातात झेरॉक्सचे तीन कागद, पिवळ्या मार्करने रेघा मारलेले. आम्हाला वाटलं सावित्रीबाईंचं चरित्र वाचणार, १८४८, भिडे वाडा, अंगावर पडलेलं शेण, जे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलोय. तिने थेट यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम काढले. लैंगिक छळाविरुद्धचे, २०१५ चे म्हणतात पण निघाले २०१६ मध्ये. तिने वाचलं की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावता येणार नाहीत, असं त्यात लिहिलंय. मग कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "आमचं गेट साडेनऊला बंद होतं, मुलांचं होतच नाही. लायब्ररी अकरापर्यंत उघडी असते. मग साडेनऊ ते अकरा ती लायब्ररी कोणाची आहे?" एवढंच, आवाज न चढवता. हॉलमध्ये आधी काहीच झालं नाही आणि मग मागच्या रांगेतून जी शिट्टी आली ना, मुलींनी मारलेली शिट्टी, ती माझ्या कानात अजून आहे.

दुसऱ्या कागदावर लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कॉलेजच्या समितीचं होतं. तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन करणाऱ्यांतून एकेक, आणि तेही निवडून आलेले, कोणी नेमलेले नाहीत. शिवाय कुलगुरू, डीन, विभागप्रमुख असल्या मोठ्या खुर्च्यांवरच्या लोकांनी समितीत बसायचं नाही. आमच्यापैकी निम्म्यांना आमच्या समितीत कोण कोण आहे हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरी सहीचं पत्र घेऊन फिरायला लागल्या. हॉस्टेलची वेळ तासाभराने वाढायला पुढचं अख्खं वर्ष गेलं आणि निवडणूक व्हायला त्याहून जास्त, पण समितीच्या नावांचा बोर्ड महिन्याभरात जिन्याजवळ लागला. तो बोर्ड अजून आहे, मी गेले की बघून येते, फोन नंबर खोडलेले नाहीत ना ते बघते.

२०१८ ला कार्यक्रम ३ तारखेला झालाच नाही. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर त्या दिवशी महाराष्ट्र बंद होता, लोकल अडवलेल्या, हार्बरवरच्या पोरी घरातून निघूच शकत नव्हत्या आणि काही तर स्वतःच रस्त्यावर उतरल्या होत्या. मग जानेवारीच्या शेवटी घेतला, हॉलऐवजी व्हरांड्यात, सतरंजी टाकून. आमच्याकडे भाषणांनंतर एक वाद असतो, स्पर्धा नाही, बक्षीस नाही, दोघीजणी समोरासमोर बसतात आणि बाकीचे प्रश्न विचारतात. त्या वर्षीचा विषय आपोआपच ठरला होता, कारण आदल्या ऑक्टोबरमध्ये फेसबुकवर लैंगिक छळाचे आरोप असलेल्या प्राध्यापकांच्या नावांची ती यादी आली होती आणि देशभरातल्या बायका त्यावरून आपसात भांडत होत्या, आम्ही पण.

एकीकडे लॉची मुलगी. तिचं म्हणणं, तक्रार लेखी लागते, तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, नव्वद दिवसांत चौकशी संपवायची असते, हे सगळं बायकांनी लढून मिळवलंय, कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा विशाखा निकाल बालविवाह थांबवायला गेली म्हणून बलात्कार सोसलेल्या भंवरीदेवीच्या जिवावर आलाय, आणि आता आपणच ते बाजूला ठेवून नुसती नावं टाकायची? दुसरीकडे एमए सोशिऑलॉजीची. ती म्हणाली ज्याच्या सहीवर माझी पीएचडी अडकलीय त्याच्याविरुद्ध लेखी अर्ज घेऊन मी कोणाच्या केबिनमध्ये जाऊ, तो अर्ज संध्याकाळपर्यंत त्याच्याच टेबलावर जातो. दोघी रूममेट होत्या बरं का. दोघींचंही बरोबर वाटत होतं आणि दोघी एकमेकींवर इतक्या चिडल्या की चहा आला तो कोणी घेतला नाही.

तेवढ्यात गोवंडीहून येणारी एक मुलगी उठली. त्या वर्षी पहिली बोलणारी तीच ठरलेली होती पण तिने आधी नको म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुमच्या दोघींच्या भांडणात मी कुठे आहे? माझी तक्रार समितीत गेली तर आधी माझं आडनाव वाचतात. यादीत नाव टाकलं तर म्हणतात हिला स्कॉलरशिप मिळते वर हिची ही हिंमत. तीन तारखेला मी इथे येऊ शकले नाही, माझ्या वस्तीत पोलीस घरात शिरून पोरं उचलत होते. सावित्रीबाईंची जयंती पुढे ढकलली याचं तुम्हाला वाईट वाटलं, पण का ढकलावी लागली यावर आज सकाळपासून कोणी एक वाक्य बोललंय का?" नव्हतंच बोललं कोणी. मग जे दीड तास झालं त्याला भाषण म्हणा, वाद म्हणा, काहीही म्हणा, माझ्या मते आमच्या कार्यक्रमात इतकं खरं त्याआधी कधी बोललं गेलं नव्हतं. तेव्हापासून सुरुवातीला नुसतं नमस्कार न म्हणता जय भीम, जय सावित्री म्हणायची पद्धत पडली, आणि काही मुलं-मुली त्यामुळे यायची बंद झाली. त्याचं मला वाईट वाटतं. पण पद्धत बदलावी असं वाटत नाही.

पाहुण्यांच्या भाषणांपैकी मनात राहिलेलं एकच. एक साठी उलटलेल्या ताई आल्या होत्या, १९८० च्या ८ मार्चला मुंबईत निघालेल्या मोर्च्यात त्या स्वतः होत्या. मथुरा प्रकरण त्यांनी सांगितलं. १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर झालेला बलात्कार, सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, मग १९७९ ला कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, ते पत्र हातोहात फिरलं, गावोगावी बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. ताई म्हणाल्या की आम्ही ते पत्र सायक्लोस्टाईल करून वाटायचो, शाई बोटांना लागायची. आणि मग पहिल्या बोलणारीचं नाव घेऊन म्हणाल्या की हिचं भाषण माझ्यापेक्षा चांगलं झालं. पाहुणे असं सहसा म्हणत नाहीत.

दरवर्षी कोणीतरी मुंबईची एक जुनी गोष्ट पण सांगतं, पाठ करून नाही, अभ्यास करून. झूलॉजीच्या एका मुलाने सांगितलेल्या रखमाबाई सगळ्यांना आवडल्या होत्या. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याकडे नांदायला नकार, १८८४ ला नवऱ्याने इथेच मुंबईच्या हायकोर्टात लावलेली केस, १८८७ ला कोर्ट म्हणालं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, आणि बाई म्हणाली तुरुंगात जाते. पुढे पैसे देऊन प्रकरण मिटलं, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. मुलगा बोलता बोलता थांबला आणि म्हणाला माझी आजी त्यांच्याच वयात लग्न होऊन भायखळ्याला आली, तिला कोणी विचारलंच नाही. मुलांनी असं बोलणं आमच्याकडे कमी होतं, म्हणून तो लक्षात राहिला.

२०२१ ला सगळं ऑनलाइन. मला वाटलं होतं यंदा काही मजा नाही. पहिली बोलणारी होती धारावीची, एका खोलीत सहा माणसं, मागे कुकरच्या शिट्ट्या, बाबा लॉकडाऊनपासून घरीच. तिने माईक चालू केला, नमस्कार म्हणाली आणि बंद केला. आम्हाला वाटलं नेट गेलं. मग चॅटमध्ये एक ओळ आली. "घरात सगळे आहेत, बोलू शकत नाही, लिहू का?" आणि ती लिहायला लागली. एक ओळ, मग थांबा, मग पुढची. की भावाचा क्लास असतो तेव्हा फोन त्याचा. की लेक्चरच्या वेळी भांडी घासायची असतात. की आईला धुणीभांड्याच्या कामावरून काढलं, सोसायटीत बाहेरच्यांना बंदी होती. की बाथरूमची रांग आधीपासून होतीच, आता त्या रांगेत पाळीचं पॅड दुपट्ट्यात लपवून तासभर उभं राहावं लागतं. सूत्रसंचालन करणारीला कळेना मोठ्याने वाचून दाखवू का, मग तिने नाही वाचलं आणि ते बरंच केलं. सगळेजण आपापल्या खिडकीत स्क्रीनकडे बघत बसलेले, कोणी हार्ट पाठवले नाहीत, टाळीचं चित्र नाही, काही नाही. सात मिनिटांची तिची बावीस मिनिटं झाली. शेवटची ओळ होती, "बाबा विचारतायत काय टाइप करतेस, परीक्षा आहे म्हणून सांगितलं, जाते."

ती पास झाली, आता नर्सिंग करते.

एक गोष्ट मात्र बोलणारच आहे. ८ मार्चला कॉलेजचा अधिकृत कार्यक्रम असतो, रांगोळी, मेहंदी, साडी डे, त्याला हॉल भरतो, बाल्कनीत पण पोरं. आमच्या ३ जानेवारीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि तारीख रविवारी आली की मेगाब्लॉकचं निमित्त आयतं मिळतं. जी मुलं टीशर्टवर घोषणा छापून फिरतात ती वादाच्या वेळी येतात, पोहे संपले की जातात, आणि पहिल्या बोलणारीच्या वेळी तर पोचलेलीच नसतात. आमच्या बॅचच्या काहीजणी आता टीव्हीवर चर्चेला बसतात, महिला प्रश्नांवर लिहितात, त्या याच स्टेजवर पहिल्यांदा बोलल्या होत्या, त्यांना दरवर्षी निरोप जातो आणि दरवर्षी "नक्की बघते" असं उत्तर येतं. एकदा तरी या गं. मागच्या रांगेत बसा हवं तर.

आणि ज्यांच्याशिवाय काहीच झालं नसतं त्यांचं. नावं टाकत नाही कारण सगळ्यांना विचारलेलं नाही, पण ज्याचं त्याला कळेल. हॉलची किल्ली संभाळणारे शिपाई मामा, जे साडेआठला हॉल बंद करायचा असूनही वाद चालू असला की दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे. लेडीज कॉमन रूमच्या मावशी, ज्यांनी बॅनर फाटला तेव्हा स्वतःच्या मशीनवर शिवून आणला. साऊंडवाले भाऊ, माईकची उंची पहिल्या बोलणारीप्रमाणे आधी करून ठेवणारे, हे मी दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात बघितलेलं नाही. झेरॉक्सवाले काका, उधारीवर. मराठीच्या मॅडम, ज्यांच्या नावावर हॉल बुक होतो आणि मग बोलणी पण त्याच खातात. लायब्ररीतले सर, रखमाबाईंची पत्रं शोधून देणारे. पोहे करणाऱ्या घाटकोपरच्या काकू, आमच्या एका मैत्रिणीच्या आई. रात्री शेवटच्या मुलीला रिक्षात बसवून तिचा पोचले असा मेसेज येईपर्यंत गेटवर थांबणारी ती चार मुलं, कधीही स्टेजवर न आलेली. जीपेवरून दोनशे, पाचशे पाठवणारे सगळे जुने लोक. २०२१ ला लिंक बनवून देणारा आयटीचा ज्युनियर, ज्याने चॅट सेव्ह करून ठेवला म्हणून मी वर त्या ओळी लिहू शकले, आणि हो, त्या मुलीला विचारूनच लिहिल्यात. डोंबिवलीची फ्रेमवाली मैत्रीण आणि तिची सासू, जी फ्रेम घरातल्या हॉलमध्येच लावून ठेवते, माळ्यावर टाकत नाही.

गेल्या वर्षी हार आणणारा फर्स्ट इयरचा मुलगा कोण होता ते कोणालाच आठवत नाहीये, पैसे पण त्याने घेतले नाहीत. तो ज्यांना माहीत असेल त्यांनी मला कळवा, त्याचं राहायला नको.