विहिरीवरची बाभूळ

रावेर तालुका, श्रावणातला सोमवार

पावसाने उघडीप दिली आणि विहिरीवरच्या बाभळीवर नुसता कल्ला उसळला. सुगरणीच्या माद्या आल्या होत्या. नर आपापल्या अर्धवट खोप्यांना लोंबकळून पंख फडफडवत होते.

मला हाच टप्पा सगळ्यात आवडतो. खोपा अजून नुसती टोपी असतो. खाली आडवी पट्टी, आत-बाहेर जायच्या नळीचा पत्ता नाही. एक मादी त्या पट्टीवर बसली. चोचीने धागा ओढून पाहिला, आत डोकं घातलं, बाहेर आली, पुन्हा आत. पिवळ्या डोक्याचा नर जिवाच्या आकांताने ओरडत होता. ती शेजारच्या खोप्यावर गेली. तिथेही तीच तपासणी.

तिचा चोखंदळपणा मला अगदी रास्त वाटतो. पसंती मिळाली की नर अंड्यांची खोली आणि नळी पुरी करतो आणि जवळच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींवर पाळत ठेवून हा एकाहून जास्त माद्यांचा संसार उलगडला. अंडी उबवायची मात्र तिनेच.

सुबक वीण पाहून ती भुलत असेल असं आपल्याला वाटतं. अभ्यासकांना मात्र दिसलंय की विणीपेक्षा खोपा कुठे टांगलाय याला ती जास्त किंमत देते. पाण्यावर झुकलेली बारीक फांदी म्हणजे शिकाऱ्याला पोचायला अवघड जागा.

म्हणून झाडावर खोपे किती, एवढंच मोजणं मला पटत नाही. लोक अर्धे खोपे बघून पावसाने मोडले म्हणतात. त्यातले बरेचसे माद्यांनी नाकारलेले असतात, आणि वहीत मी त्यांची वेगळी नोंद ठेवते. इकडे केळीच्या पट्ट्यात पाणी खोल गेलं, ट्यूबवेल आल्या, जुन्या विहिरी पडीक झाल्या. काठचं झाड तुटलं तर नर बांधावर कुठेतरी विणतीलही. पण तिला निवडायला चांगल्या जागा उरणार कुठे?

मळ्याचे मालक भाऊ म्हणाले, ‘बाभूळ राहू द्या ताई, पण वायरीवर आलेली फांदी काढावीच लागेल.’ त्याच फांदीवरच्या दोन खोप्यांत माद्या अंड्यांवर बसल्यात. पिल्लं उडेपर्यंत थांबा, म्हटलं. भाऊंनी जरा विचार केला. घट बसल्यावर काढू, असं ठरलंय.