परसदारी पाणी कुठं जातं?

गेले तीन दिवस मी सहकारनगरच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात दर दोन तासांनी खडूनं सावलीची कड आखतेय. सकाळी नऊची रेघ, अकराची, एकची, तीनची. शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरून विचारलंच, "अगं, भर उन्हात काय मांडलंयस?" म्हटलं, आई-बाबांचं मागचं अंगण नव्यानं करायचंय, त्याची तयारी चाललीय.

एरवी मी शिकागोहून लिहिते, या वेळी पुण्यातून लिहितेय. पण रेघा मारायची ही सवय तिकडचीच आहे, आणि ती मला फार महाग पडली आहे.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आम्ही घर घेतलं तेव्हा मागे नुसतं गवत होतं. पुण्यात फ्लॅटमध्ये संसार केलेल्या आम्हा दोघांना एवढी मोकळी जागा म्हणजे सणच वाटला. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही खुर्च्या, टेबल, मोठी छत्री असं सगळं पसंत केलं आणि मग ते ठेवायला म्हणून घराच्या भिंतीला लागून फरसबंदी करून घेतली. छान दिसत होती. करणाऱ्यानं ढाळ मात्र घराच्या दिशेनं दिला होता, आणि ढाळ कुठं आहे हे बघायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला. खालची जमीन अजून गोठलेली, त्यामुळे पाणी मुरायला जागा नाही. ते सरळ तळघरात आलं. तिथं गणपतीच्या आराशीची खोकी होती आणि आईनं पुण्याहून पाठवलेला चौरंग होता. चौरंगाचे पाय फुगून फाटले. त्या चौरंगाची हळहळ मला अजून आहे.

फरसबंदी उचलून पुन्हा घातली. या वेळी मी आधी अभ्यास केला. तिकडचा बांधकामाचा नियम सांगतो की घराभोवतीची जमीन पहिल्या 10 फुटांत निदान 6 इंच उतरली पाहिजे. कुदळ मारण्याआधी 811 या क्रमांकावर फोन करायचा. मग माणसं येऊन जमिनीखाली काय आहे ते रंगानं आखून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी फोन-इंटरनेटच्या तारा. आमच्या गवतावर त्या दिवशी रांगोळीच काढली होती म्हणा ना. लाकडी डेक, म्हणजे मागच्या दारालगतचा खांबांवरचा लाकडी ओटा, त्याच्या खांबांसाठी 42 इंच खोल खड्डे खणावे लागले. हिवाळ्यात जमीन गोठते, तिच्यातल्या पाण्याचा बर्फ होऊन फुगतो आणि उथळ पाया वर उचलला जातो, म्हणून. काँक्रीट ओतायच्या आधी गावच्या कार्यालयाचा माणूस येऊन प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून खोली मोजून गेला. मला त्याचा राग आला नाही, उलट फार बरं वाटलं. आपल्या घरच्या खड्ड्याची एवढी काळजी कुणीतरी परकं माणूस घेतंय!

आता पुण्यातलं.

दादाच्या मोबाइलमध्ये परदेशातल्या अंगणांचे भरपूर फोटो आहेत. त्याला लाकडी डेक हवा, हिरवीगार लॉन हवी, मधे शेकोटीची जागा हवी. "तुझ्याकडे आहे तसंच करू," म्हणाला. त्याची हौस खरी आहे आणि आई-बाबांसाठीच आहे. म्हणून मी त्याच्याशी वाद घालायचा नाही, एकेक गोष्ट तिकडे का असते ते सांगायचं ठरवलं.

डेक तिकडे असतो कारण घराखाली तळघर असतं, त्यामुळे मागचं दार जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर उघडतं. त्या उंचीवर पाय ठेवायला काहीतरी हवंच. आमचं सहकारनगरचं दार दोन पायऱ्यांवर उघडतं. इथं डेक घालायचा म्हणजे मातीपासून वीतभर वर लाकूड ठेवून खाली अंधारी, ओलसर पोकळी करायची. पुण्यातल्या वाळवीला आणखी काय हवं? वर चार महिने पाऊस. चांगला सागवान टिकेलही, पण त्या पैशात सगळं अंगण दगडात होतं.

लॉनचं तर गणितच मांडलं. मे महिन्यात रोज निदान 5 मिलिमीटर पाणी द्यावं लागणार, म्हणजे चौरस मीटरला 5 लिटर. चारशे चौरस फुटांच्या हिरवळीला रोज पावणेदोनशे-दोनशे लिटर. पाणीकपातीच्या दिवसांत आई कपड्यांचं पाणी साठवून झाडांना घालते. तिच्या डोळ्यांसमोर गवतावर फवारा उडवायचा हे मला सहन होणार नाही. दादा त्यावर काही बोलला नाही, पण फोटो मिटवून ठेवला.

शेकोटीचा विषय मी काढलाच नाही. तो मेमध्ये अंगणात उभा राहून आपोआप सुटला.

उन्हाचं मात्र मला नव्यानं शिकावं लागलं. शिकागोत डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 25 अंश वर येतो. तिथं बसायची जागा दक्षिणेला काढायची, ऊन ओंजळीत धरल्यासारखं धरायचं. पुण्यात मेच्या मध्याला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो. कंपाउंडच्या भिंतीला त्या वेळी सावलीच नव्हती, खडू हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. त्या उन्हाला भिंत अडवत नाही, वरून छप्पर नाही तर झाडच लागतं. पण खरा त्रास तीन ते सहाचा आहे. या दिवसांत सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेला मावळतो आणि तिरपं ऊन थेट मागच्या दारातून स्वयंपाकघरात शिरतं. म्हणजे झाड हवं ते वायव्येच्या कोपऱ्यात. फोटोसारखं अंगणाच्या मधोमध नव्हे.

कोणतं झाड, यावर घरात दोन संध्याकाळी गेल्या. दादाला गुलमोहर हवा होता. तो मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, वादळी पावसात फांद्या मोडतात. घराजवळ नको. बाबांना बहावा हवा, पण तो ऐन उन्हाळ्यात पानं झडवून फुलतो. दिसतो सुरेख, पण मला सावली हवी ती नेमकी तेव्हाच. शेवटी बकुळ ठरली. सावकाश वाढते, पण बारमाही दाट असते, आणि फुलं सुकली तरी वास जात नाही. आईनं लगेच तिची जागा झाडून ठेवली. मागचा जुना आंबा आहे तसाच राहणार आहे. कुणी सुचवलं होतं की तो काढला तर गाडीला जागा होईल. झाड आपल्या अंगणात असलं तरी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे मी सांगितलं. परवानगी मिळत असती तरी मी आडवी आले असते.

फरशी शहाबादीच. पण पॉलिश केलेली नाही, खरबरीत. बाबांचा गुडघा दुखतो आणि पावसाळ्यात शेवाळ धरलं की गुळगुळीत फरशीवर तरणी माणसंही घसरतात. दोन उंच पायऱ्यांच्या जागी सहा-सहा इंचांच्या तीन बुटक्या पायऱ्या आणि एका बाजूला धरायला गज. आईला वाळवणाला ऊन येणारा कट्टा हवाय, कुरडया-सांडग्यांपुरता. तो नऊ ते एकच्या रेघांमध्ये बरोबर बसतो. वहिनीला एक नळ आणि भांडी घासायची मोरी हवीय. झोपाळा बकुळीपाशी. दिवे कमी, पिवळे, आणि बाहेरच्या सगळ्या विजेला वेगळा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठं गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच. ओल्या हातांनी बटण दाबलं जाणारच.

आता पाणी. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. आमची गच्ची हजार चौरस फुटांची. म्हणजे वर्षाला जवळजवळ 65 हजार लिटर पाणी, दहा हजारी टँकरचे सहा टँकर, आजवर पाइपातून थेट रस्त्यावर जात होते. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजहून नळ बांधून पाणी पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं, तेही उतारावर, नुसत्या ढाळाच्या जोरावर. त्याच गावातले आपण डोक्यावर पडलेलं पाणी सोडून देतो, याचं मला वाईट वाटतं. गच्चीचं पाणी आता खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून बोअरला जाणार. महापालिका त्याला मिळकतकरात सवलत देते, ती मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तरी करायचंच.

अंगणातल्या पाण्याचा ढाळ काल पाहिला. गवंडी मामा लेव्हलची नळी घेऊन आले होते. घरापासून कंपाउंडपर्यंत 20 फूट आहेत, दर 10 फुटांना 2 इंच म्हणजे एकूण 4 इंच उतार द्यायचा ठरला. नळी लावण्याआधी मी म्हटलं, एकदा नुसतं पाणी ओतून बघू. चार बादल्या ओतल्या. पाणी भिंतीकडे आलं, थोडं थबकलं, मग तुळशीवृंदावनाच्या मागे गेलं आणि तिथं दिसेनासं झालं. मामांनी तिथं पहार घातली. वीतभर मातीखाली घडीव काळ्या दगडाचं गटार लागलं. वर कडाप्प्याची झाकणं, आत माती आणि आंब्याची मुळं.

बाबा खुर्ची सोडून आले. 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर आजोबा पेठेतून इकडे आले, तेव्हा घर बांधताना त्यांनी हे गटार आधी घालून घेतलं होतं, घर मागाहून. "ते म्हणायचे, आधी पाणी जायची वाट," बाबा म्हणाले. नव्वद साली टाइल्स बसवताना ते बुजलं आणि सगळे विसरून गेले. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येतेय. आम्ही दर दोन वर्षांनी ती रंगवत आलो.

दादानं स्वतः एक झाकण उचललं, हातानं माती उपसली आणि तळ कुठवर जातो ते बघत बसला. नवा उतार त्या गटाराकडेच द्यायचा असं त्यानंच मामांना सांगितलं. माझं परतीचं तिकीट 4 जूनचं आहे. माळीकाका शुक्रवारी मुळं सोडवायला येतायत, आंब्याला इजा न करता. पहिला पाऊस यायच्या आत गटार मोकळं झालं पाहिजे. फरशी दिवाळीपर्यंत थांबेल.